लिमरिकचे चौघे : एका आयरिश बँडचा उदय आणि अस्त

आयर्लंडच्या पश्चिम भागात शॅनन नदीच्या काठी लिमरिक नावाचे शहर वसलेले आहे. इंग्रजी कवितेशी थोडाफार परिचय असणाऱ्या वाचकाला हे नाव प्रथम भेटते ते पाच ओळींच्या विनोदी पद्यप्रकारामुळे. आयरिश माणसाच्या मनात मात्र लिमरिक म्हटले की १६९१ चा तह उभा राहतो. इंग्लंडचा राजा विल्यम याच्या सैन्याने या शहराला घातलेला वेढा त्या तहाने उठला; कॅथलिक प्रजेला त्यात काही अभयवचने देण्यात आली आणि पुढे ती पाळली गेली नाहीत. ज्या शिळेवर तहाच्या सह्या झाल्या असे परंपरा सांगते, ती शिळा नदीकाठी आजही उभी आहे. अशा या जुन्या, स्वाभिमानी, पण राजधानी डब्लिनपुढे कायम दुय्यम मानल्या गेलेल्या शहरातील चार तरुणांनी १९९० नंतरच्या दशकात सबंध जगाला आपले संगीत ऐकायला लावले. 'द क्रॅनबेरीज' हे त्यांच्या बँडचे नाव.

पाश्चात्त्य रॉक संगीत हा आपल्या या पत्रिकेचा नित्याचा विषय नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही हा वृत्तान्त सादर करावा असे वाटले, त्यास कारण आहे. चार माणसांनी मिळून उभारलेले काम कशाने वाढते, कशाने थकते आणि त्यातले एक माणूस कायमचे निघून गेल्यावर उरलेल्यांनी त्या कामाचे व नावाचे काय करावे, हा प्रश्न नाटक मंडळ्यांपासून वाचनालयांपर्यंत कोणत्याही संस्थेला कधी ना कधी पडतो. लिमरिकच्या या चौघांनी त्याचे जे उत्तर दिले, ते विचार करण्याजोगे आहे.

प्रथम काळाची पार्श्वभूमी पाहू. १८४५ पासून काही वर्षे चाललेल्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. तेव्हापासून देशांतर हा आयरिश घराघरांतील अनुभव झाला. १९८० नंतरच्या दशकातही बेकारी इतकी होती की शिकून तयार झालेली मुले लंडनची किंवा अमेरिकेची वाट धरीत. गाण्याच्या क्षेत्रात डब्लिनच्या 'यू टू' या बँडने आयरिश तरुणही जगभर गाजू शकतात हे दाखवून दिले होते. पण ते राजधानीचे रहिवासी. लिमरिकच्या मुलांना जवळचा वाटला तो इंग्लंडमधील मँचेस्टरचा 'द स्मिथ्स' हा बँड. मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत लोकप्रिय संगीताबाहेर, छोट्या कंपन्यांच्या आणि महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांच्या आधाराने जे संगीत तेव्हा वाढत होते, त्याला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' असे नाव मिळाले. साधी वेशभूषा, साधी वाद्ये आणि स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतः लिहिलेली गीते ही त्याची ओळख.

१९८९ साली नोएल होगन आणि माइक होगन या दोघा भावांनी फर्गल लॉलर या मित्रासह एक बँड काढला. नोएल गिटार वाजवी, माइक बेस गिटार आणि फर्गल ड्रम्स. गाण्यासाठी नायल क्विन हा चौथा मित्र होता. बँडला त्यांनी नाव दिले 'द क्रॅनबेरी सॉ अस'. हे नाव भरभर उच्चारले की 'क्रॅनबेरी सॉस' असे ऐकू येते. म्हणजे निव्वळ पोरवयातील शाब्दिक कोटी. क्विन लवकरच बँड सोडून गेला आणि त्याच्याच ओळखीतून १९९० मध्ये एक अठरा वर्षांची मुलगी चाचणीसाठी आली. तिचे नाव डोलोरेस ओरिअर्डन.

डोलोरेसचा जन्म ६ सप्टेंबर १९७१ चा, लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकन या खेड्यातला. भावंडांत ती सर्वांत धाकटी. वडील शेतमजुरी करीत. एका अपघातानंतर त्यांना काम करणे अशक्य झाले आणि संसाराचा भार आईवर आला. मुलगी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, गायनवृंदात गाई, शाळेत आयरिश भाषेतील जुनी गीते शिके. आयर्लंडमध्ये 'शॉन-नोस', म्हणजे 'जुनी रीत', नावाची एक गायनपद्धती आहे. ती वाद्यांच्या साथीविना गायली जाते. गायक आपल्या मगदुराप्रमाणे स्वरांना हरकती आणि मुरक्या देतो. या संस्कारांतून आलेली ही मुलगी त्या तीन मुलांसमोर उभी राहिली, तेव्हा त्यांच्यापाशी शब्दांवाचून पडलेल्या काही सुरावटी होत्या. नोएलने त्यांपैकी एक कॅसेटवर भरून तिला घरी नेण्यास दिली. काही दिवसांनी ती परत आली ती शब्द आणि चाल दोन्ही बांधूनच. पुढे 'लिंगर' या नावाने जगभर गाजले ते हेच गीत.

या घटनेकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. नोएलने गिटारवरील स्वरमेळांची मालिका तयार करावी, ती डोलोरेसकडे पाठवावी आणि तिने तीवर चाल व शब्द चढवावेत, ही त्यांची कामाची रीत पहिल्याच भेटीत ठरून गेली. बँडची बहुसंख्य गीते याच रीतीने, दोघांच्या नावांवर नोंदलेली आहेत. दोघांपैकी प्रत्येकापाशी निम्मेच गीत असे. उरलेले निम्मे दुसऱ्याकडून यावे लागे. माइक आणि फर्गल यांच्या संयत वादनाने त्या गीतास देह मिळे. या बँडचे सारे बळ आणि पुढे त्याचा शेवट या एका रीतीत सामावलेला आहे.

नाव आखूड करून 'द क्रॅनबेरीज' झालेल्या या बँडची कॅसेट लंडनच्या कंपन्यांपर्यंत पोहोचली. अनेकांनी बोली लावली; १९९१ मध्ये करार झाला तो 'आयलंड रेकॉर्ड्स'शी. त्या कंपनीत डेनी कॉर्डेल या जाणत्या निर्मात्याने त्यांना हेरले होते. परंतु त्याच वर्षी निघालेल्या 'अन्सर्टन' या लहान ध्वनिमुद्रिकेने निराशा केली. ज्या वृत्तपत्रांनी कौतुकाने पाठ थोपटली होती त्यांनीच पाठ फिरवली. पहिल्या व्यवस्थापकाशी बेबनाव होऊन ते नातेही तुटले. विशीच्या आतबाहेरची ही मुले या क्षणी पांगली असती तर त्याची नोंदही कोणी घेतली नसती. ती पांगली नाहीत. 'रफ ट्रेड' या कंपनीचे संस्थापक जेफ ट्रॅव्हिस यांनी व्यवस्थापन हाती घेतले आणि 'द स्मिथ्स'च्या ध्वनिमुद्रणाचा अनुभव असलेले स्टीफन स्ट्रीट निर्माते म्हणून आले. आपल्या आवडत्या बँडच्या ध्वनिमुद्रणाशी संबंधित असलेला माणूस आपले गाणे मुद्रित करतो आहे, या गोष्टीचे त्या मुलांना किती अप्रूप वाटले असेल याची कल्पना करता येते.

मार्च १९९३ मध्ये पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच्या लांबलचक नावाचा आशय असा की, बाकी सगळे करताहेत, मग आम्ही का करू नये? लहान शहरातील मुलांचा भाबडेपणा आणि हट्ट दोन्ही त्यात आहेत. आयर्लंड-इंग्लंडमध्ये प्रारंभी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. बँड अमेरिकेत गेला तो दुसऱ्यांच्या कार्यक्रमाआधी गाणारा दुय्यम बँड म्हणून. 'स्वेड' या तेव्हा गाजत असलेल्या इंग्लिश बँडच्या आधी त्यांना रंगमंच मिळे. पण तिथल्या एमटीव्ही वाहिनीने 'लिंगर'ची चित्रफीत वारंवार दाखवण्यास आरंभ केला, महाविद्यालयीन रेडिओने ते गीत उचलले आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत चढले. अमेरिकेने मान्यता दिल्यावर मायदेशाचे कान उघडले. प्रसिद्धीनंतर सव्वा वर्षाने, १९९४ च्या उन्हाळ्यात, तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. घरच्या माणसाची किंमत बाहेरच्याने सांगितल्यावर कळावी, हा अनुभव कलावंतांना सर्वत्र सारखाच येतो असे दिसते.

लोकांना या गाण्यांत नेमके काय भावले? स्वररचना साधी होती, शब्दही रोजच्या बोलण्यातले. नवलाई होती ती आवाजात. डोलोरेसचा आवाज छातीच्या भरदार स्वरातून एकाएकी तुटून वरच्या पातळ स्वरात जाई आणि तितक्याच सहजतेने खाली उतरे. मृताच्या उशाशी बसून स्त्रियांनी विलाप गाण्याची एक जुनी आयरिश परंपरा आहे. अनेक जाणकारांना तिच्या गाण्यात त्या विलापाचे सूर ऐकू आले. आणखी एक गोष्ट होती. जागतिक बाजारात उतरणारे गायक बहुधा अमेरिकन वळणाचे उच्चार करीत. डोलोरेसने लिमरिकचा हेल सोडला नाही. घरी बोलावे तसे ती गायली. इंदूर-बडोद्याची, बेळगाव-गोव्याची आपली मराठी कानावर पडताच पुण्याचा माणूस मान वर करून पाहतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तो हेल दडवायचा की मिरवायचा, या निवडीचे मोल आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आता या बँडच्या सर्वांत गाजलेल्या आणि सर्वांत वादग्रस्त गीताकडे वळू. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तेथे जो सशस्त्र संघर्ष चालला त्यात सुमारे साडेतीन हजार माणसे बळी पडली. २० मार्च १९९३ रोजी, म्हणजे बँडचा पहिला अल्बम निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत, इंग्लंडमधील वॉरिंग्टन या गावच्या बाजारपेठेत 'आयरिश रिपब्लिकन आर्मी' या संघटनेने कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. दुसऱ्या दिवशी तेथे मातृदिन होता आणि लोक खरेदीसाठी बाहेर पडले होते. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला. बारा वर्षांचा दुसरा काही दिवसांनी इस्पितळात वारला. पन्नासहून अधिक माणसे जखमी झाली.

बँड त्या सुमारास इंग्लंडमध्ये दौऱ्यावर होता. या घटनेने व्यथित होऊन डोलोरेसने 'झॉम्बी' हे गीत लिहिले. नेहमीच्या रीतीस हा अपवाद होता. शब्द आणि चाल सर्वस्वी तिची एकटीची होती. गिटारही या वेळी नेहमीसारखी झिरमिरत राहिली नाही. ती जड, कर्कश आणि संतप्त झाली. १९१६ साली डब्लिनमध्ये झालेला ईस्टरचा उठाव हा आयरिश स्वातंत्र्यलढ्यातील पवित्र स्मृतीचा भाग मानला जातो. त्या वर्षाचा उल्लेख गीतात आहे आणि तेव्हापासून तेच ते डोक्यात चालत आले असल्याची खंतही. मुले मारणारे हे लोक माझ्या नावाने, आयर्लंडच्या नावाने हे करीत नाहीत, अशी तिची भूमिका होती. सॅम्युअल बेअर या दिग्दर्शकाने बेलफास्टच्या रस्त्यांवर, प्रत्यक्ष गस्तीवरील सैनिकांची दृश्ये टिपून त्याची चित्रफीत तयार केली.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत हे गीत बाजारात आले. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आदी देशांत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पण आयर्लंडमध्ये त्याचे स्वागत एकमुखाने झाले नाही. दक्षिणेतील एका सुरक्षित परगण्यातील मुलीला उत्तरेतील कॅथलिक वस्त्यांचे दुःख काय ठाऊक, ब्रिटिश सैनिकांच्या गोळीने मेलेली मुले तिला दिसली नाहीत काय, असे प्रश्न विचारले गेले. हे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. गीत एका घटनेतून उपजले होते आणि इतिहासाचा सर्व हिशेब मांडण्याचा त्याचा हेतू नव्हता. तथापि आम्हांस असे वाटते की, बळी कोणत्याही बाजूचा असो, त्याचा शोक करण्यासाठी आधी सर्व हिशेब चुकता केला पाहिजे असा दंडक घातला तर शोक कधीच करता येणार नाही. आपल्याच बाजूच्या माणसाने केलेल्या कृत्याबद्दल बोलणे हे परपक्षाबद्दल बोलण्यापेक्षा कठीण असते. तेवीस वर्षांच्या मुलीने ते केले, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी.

हे गीत ज्यात आहे तो 'नो नीड टू आर्ग्यू' हा दुसरा अल्बम ऑक्टोबर १९९४ मध्ये आला. त्यात घराविषयीच्या ओढीचे एक गीत आहे आणि कवी येट्सच्या समाधीवरही एक आहे. 'गीतांजली'च्या इंग्रजी आवृत्तीस प्रस्तावना लिहिणारे ते हेच येट्स, हे वाचकांच्या ध्यानी येईलच. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या सत्तर लाख प्रती गेल्या. पहिल्या अल्बमच्या पन्नास लाख. चौघांपैकी एकाचेही वय तेव्हा पंचविशीला पोहोचले नव्हते.

यशाचे हे दिवस खरे तर बँडच्या थकव्याचेही आरंभाचे दिवस होते. दौरा, त्यातच नवी गीते, ध्वनिमुद्रण आणि पुन्हा दौरा, असे चक्र चार वर्षे अखंड फिरत राहिले. १९९५ मध्ये डेनी कॉर्डेल वारले. १९९६ चा 'टू द फेथफुल डिपार्टेड' हा तिसरा अल्बम त्यांच्या आणि डोलोरेसच्या आजोबांच्या स्मृतीस वाहिलेला आहे. या वेळी स्ट्रीट यांच्याऐवजी ब्रूस फेअरबेर्न हे निर्माते होते. नाद अधिक भडक झाला, विषय युद्ध, व्यसन आणि हत्या असे जगाएवढे झाले. समीक्षकांनी त्यावर टीका केली. 'झॉम्बी'त एका गावच्या एका शनिवारचे दुःख होते, म्हणून ते जगास भिडले. इथे जगाचे दुःख थेट हाती घेण्याचा प्रयत्न होता आणि तो निसटला, असे आमचे मत आहे. डोलोरेसची प्रकृती ढासळली, वजन चिंताजनक उतरले, वृत्तपत्रांनी तिच्या खाजगी आयुष्याचा पिच्छा पुरवला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात उरलेला दौरा रद्द करावा लागला.

पुढची दोन-अडीच वर्षे चौघेही घरी राहिले. १९९७ मध्ये डोलोरेसला पहिले अपत्य झाले. १९९९ च्या 'बरी द हॅचेट' या अल्बमने बँड परतला. २००१ मध्ये स्टीफन स्ट्रीट यांच्यासह पाचवा अल्बम आला. गीते वाईट नव्हती, पण काळ बदलला होता. मोठ्या कंपन्यांची एकमेकींत विलीनीकरणे होऊन ज्यांनी या मुलांना वाढवले ती माणसे पांगली होती. संगणकावरून फुकट गाणी उतरवून घेण्याची सोय आल्याने ध्वनिमुद्रिकांचा व्यवसायच हादरला होता. २००२ मध्ये निवडक गीतांचा संग्रह निघाला आणि २००३ मध्ये चौघांनी थांबण्याचे ठरवले. भांडण झाले नव्हते. 'फूट' हा शब्द त्यांनी वापरला नाही; विश्रांती म्हटले. शासकीय सेवेत आयुष्य घालवल्यामुळे आम्हांस एवढे ठाऊक आहे की, एखादे काम बंद पडण्याची जी कारणे इतिवृत्तात नोंदली जातात ती क्वचितच पुरी असतात. बहुधा माणसे नुसती थकलेली असतात आणि थकव्यासाठी इतिवृत्तात रकाना नसतो.

या विश्रांतीच्या सहा वर्षांत प्रत्येकाने स्वतंत्रपणे काम करून पाहिले. नोएलने 'मोनो बँड' नावाचा प्रकल्प काढला; डोलोरेसचे २००७ आणि २००९ मध्ये दोन स्वतंत्र अल्बम निघाले. गुण होते, अनुभव होता, तरी त्या कामांना पूर्वीची धार आली नाही. निम्मे गीत इकडे होते आणि निम्मे तिकडे. २००९ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये 'रोझेस' हा अल्बम काढला. नंतर मात्र कटुताही आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये डोलोरेसने डब्लिनच्या उच्च न्यायालयात नोएलविरुद्ध दावा दाखल केला. २०१५ मध्ये तो काढून टाकण्यात आला. दाव्याच्या तपशिलात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. ज्या दोघांचे हक्क प्रत्येक गीतात एकमेकांत गुंतलेले, त्यांच्यातला व्यवहार न्यायालयापर्यंत गेला आणि तरीही त्यानंतर ते पुन्हा एकत्र लिहायला बसले, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. त्याच सुमारास डोलोरेसला मानसिक आजार असल्याचे निदान झाले आणि तिने ते लपवले नाही.

एप्रिल २०१७ मध्ये 'समथिंग एल्स' हा अल्बम आला. दहा जुनी गीते आणि तीन नवी, अशी त्याची मांडणी असून 'आयरिश चेंबर ऑर्केस्ट्रा'च्या तंतुवाद्यांची साथ त्यास आहे. या गीतांचे मुद्रण लिमरिक विद्यापीठात झाले; बँड आपल्या गावी येऊन गायला. पाठीच्या दुखण्यामुळे डोलोरेसला त्यानंतरचा दौरा अर्धवट सोडावा लागला. पण नोएल सुरावटी पाठवीत राहिला, ती त्यांवर शब्द आणि चाल चढवून आपल्या आवाजातले कच्चे मुद्रण परत धाडीत राहिली. पहिल्या कॅसेटच्या वेळची तीच रीत, फक्त साधन आता संगणकाचे. वर्षाअखेरीस अकरा गीते अशी तयार झाली.

१५ जानेवारी २०१८ रोजी लंडनच्या एका हॉटेलात डोलोरेस ओरिअर्डनचा मृत्यू झाला. वय ४६. मद्याच्या अंमलाखाली स्नानाच्या टबात बुडून आलेला तो अपघाती मृत्यू होता, असा निष्कर्ष त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अधिकृत चौकशीत निघाला. तिचा अंत्यविधी बॅलीब्रिकनच्या चर्चमध्ये, जिथे ती लहानपणी ऑर्गन वाजवीत असे तिथेच झाला.

मागे तिघे राहिले आणि तिच्या आवाजातील अकरा कच्ची गीते राहिली. तिच्या कुटुंबीयांची संमती घेऊन नोएल, माइक आणि फर्गल यांनी स्टीफन स्ट्रीट यांना पुन्हा बोलावले आणि त्या आवाजाभोवती वादन रचून गीते पूर्ण केली. २६ एप्रिल २०१९ रोजी 'इन द एंड' या नावाने तो अल्बम प्रसिद्ध झाला आणि हा आपला शेवटचा, असे तिघांनी जाहीर केले. दुसरी गायिका आणून तेच नाव पुढे चालवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. खुद्द आयर्लंडमध्ये तसे उदाहरण आहे : 'थिन लिझी' या नामांकित बँडचे गायक फिल लायनॉट १९८६ मध्ये वारले आणि १९९६ पासून जुन्या साथीदारांनी ते नाव घेऊन पुन्हा कार्यक्रम केले. श्रोत्यांना जुनी गीते ऐकायची असतात आणि वादकांनाही पोट असते. त्यास दोष देता येणार नाही. परंतु लिमरिकच्या तिघांपुढील प्रश्न निराळा होता. त्यांच्या बँडचे नाव वाद्यांचे नव्हते, केवळ आवाजाचेही नव्हते. ते एका देवाणघेवाणीचे नाव होते. सुरावट पाठवायला माणूस होता, पण ती उघडून ऐकणारे आणि उरलेले निम्मे परत धाडणारे माणूस राहिले नव्हते. मग नाव कशाचे चालवायचे?

म्हणून या बँडच्या अखेरीस आम्ही 'फूट' म्हणण्यास तयार नाही. १९९६ चा थकवा, २००३ ची विश्रांती आणि २०१३ चा दावा या तीन प्रसंगी तो फुटू शकला असता आणि तिन्ही वेळा ते परस्परांकडे परतले. चौथ्या वेळी परतायला दोघांपैकी एकच उरला होता, तेव्हा त्यांनी हाती असलेले काम पुरे केले, त्यावर तिचे नाव घातले आणि दप्तर बंद केले. चालू असलेली संस्था बंद करणे हे बहुधा अपयश मानले जाते. तिचे काम ज्या नात्यावर उभे होते ते नाते संपल्यावर ती व्यवस्थित, देणीघेणी चुकती करून बंद करणे यातही एक प्रकारची निष्ठा असते, एवढे या उदाहरणावरून सांगता येईल.

गीते अर्थातच मालकांच्या हाती राहत नाहीत. १९ ऑगस्ट २०१८ रोजी, डोलोरेसच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी, लिमरिकच्या संघाने हर्लिंग या आयरिश खेळाची अखिल आयर्लंड स्पर्धा ४५ वर्षांनी जिंकली. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर तेव्हा या बँडचे 'ड्रीम्स' हे गीत लावण्यात आले आणि लिमरिकहून आलेल्या हजारो लोकांनी ते आपल्या हेलात म्हटले. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅरिसजवळच्या मैदानात रग्बीच्या विश्वचषकात आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला हरवल्यावर आयरिश प्रेक्षकांनी 'झॉम्बी' गायले. त्यावरून आयर्लंडमध्ये पुन्हा वाद उसळला. हे गीत विजयाच्या जल्लोषात म्हणावे काय, उत्तरेतील आपल्याच बांधवांना ते कसे वाटत असेल, असे तीस वर्षांपूर्वीचेच प्रश्न नव्याने विचारले गेले. वॉरिंग्टनच्या त्या शनिवारी जन्मालाही न आलेली मुले त्या वादात दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलत होती.